वनराईतील शाळेने हिरवळीचा हट्ट धरावा काय?

१२ डिसेंबर २०१६ रोजी ‘वरदा’ नावाचे चक्रीवादळ चेन्नई शहरावरून गेले आणि एका दिवसात तेथील हजारो वृक्ष भुईसपाट झाले. शहराच्या दक्षिण भागात, गिंडीच्या अरण्यापासून फार दूर नाही अशा ठिकाणी, सुमारे चार एकरांच्या झाडीत वसलेली एक शाळा आहे. शोभेसाठी लावलेले तिच्या आवारातील मोठाले गुलमोहर आणि सोनमोहर त्या वादळात मुळांसकट उपटले गेले. जुन्या देशी झाडीचे मात्र फांद्या मोडण्यापलीकडे फारसे नुकसान झाले नाही. आवाराच्या मध्यभागी प्रथमच आकाश दिसू लागले, आणि ते दिसताच व्यवस्थापक मंडळात एक सूचना पुढे आली. खालची झुडपे काढून टाकावीत, पाचोळा झाडून न्यावा आणि सर्वत्र हिरवळ लावावी, अशी ती सूचना होती. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. शाळा नीटनेटकी दिसावी एवढीच त्यांची इच्छा. प्रस्तुत लेखकाने तिला विरोध केला. विरोधाची कारणे अन्य शाळांच्याही उपयोगी पडतील असे वाटल्यावरून ती येथे मांडीत आहे.

प्रथम ही भूमी कशी आहे ते पाहू. गिंडीचे राष्ट्रीय उद्यान अवघे २.७ चौरस किलोमीटरांचे आहे. लगतचे, १९५९ साली स्थापन झालेल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे विस्तीर्ण आवारही त्याच अरण्यातून निघाले. ह्या किनाऱ्यावरील मूळ वनास शास्त्रज्ञ ‘उष्णकटिबंधीय शुष्क सदाहरित वन’ असे म्हणतात. नाव ऐकून वाचकांस विसंगती वाटेल, कारण शुष्क प्रदेशातील वृक्ष उन्हाळ्यात पाने गाळतात असाच आपला सर्वसाधारण अनुभव आहे. परंतु येथे वर्षाचा निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर ह्या तीन महिन्यांत पडतो आणि तरीही झाडे बाराही महिने हिरवी असतात. त्यांची पाने लहान, जाड व चिवट असल्यामुळे त्यांतून पाणी बेताने बाहेर पडते. खिरणी, अंजनी, माकडलिंबू असे बेताच्या उंचीचे वृक्ष, त्यांखाली करवंदीची जाळी, तिच्यावरून चढणारी शतावरी आणि जमिनीलगत अनंतमूळ, अशी ह्या वनाची उतरंड असते. ज्याला आपण ‘खालची झुडपे’ म्हणून दूर करू पाहतो तो ह्या वनाचा निम्मा भाग आहे, आणि उद्याचे वृक्ष त्यातच रोपरूपाने उभे असतात.

आता हिरवळीकडे वळू. आपल्याकडे हिरवळीसाठी बहुधा जी वनस्पती लावतात ती हरळी, म्हणजेच गणपतीस वाहावयाची दूर्वा. ती अत्यंत काटक असून तुडविली, चरली, वाळली तरी पुन्हा फुटते. तिला एकच गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे सावली. हरळीस दिवसभराचे स्वच्छ ऊन हवे, आणि दाट पर्णसंभाराखाली जमिनीपर्यंत पोहोचणारा प्रकाश वरच्या प्रकाशाचा अगदी लहान अंश असतो. परिणामी झाडाखाली लावलेली हरळी प्रथम विरळ होते, मग पिवळी पडते. माळी सांगतो, फांद्या छाटा. फांद्या छाटल्या की आणखी थोडे गवत टिकते आणि आणखी थोड्या फांद्या डोळ्यांवर येतात. अशा रीतीने चार-पाच वर्षांत वनराईची बाग आणि बागेचे पटांगण झालेले मी पाहिले आहे. ते करावे असे कोणी कधी ठरविलेले नव्हते.

पाण्याचा हिशोब तर प्रत्येक विद्यार्थ्यास मांडता येईल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर उंचीचे पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. उन्हाळ्यात चेन्नईसारख्या ठिकाणी हिरवळीतून दररोज पाच मिलिमीटर पाणी हवेत जाते असे धरले तर तो अंदाज फुगवलेला नाही. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. तेव्हा एक एकर हिरवळ जिवंत ठेवावयास रोज वीस हजार लिटर पाणी लागेल. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन योजनेत ग्रामीण भागातील माणशी दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरले आहे. त्या मापाने हे पाणी साडेतीनशेहून अधिक माणसांचे झाले. त्याच २०१९ च्या जून महिन्यात पूंडी, चोळवरम, रेड हिल्स व चेंबरमबाक्कम हे चेन्नईचे चारही मुख्य जलाशय जवळजवळ कोरडे पडले होते आणि माणसे घागरी घेऊन टँकरच्या वाटेकडे डोळे लावून उभी होती. ज्या शाळेतील मुले त्या रांगांत उभी राहून वर्गात येत होती, तिच्या आवारात गवतावर फवारे उडत असते तर आपण त्या मुलांस कोणत्या तोंडाने भूगोल शिकविला असता?

हिरवळीची ही आवड आपण जेथून आणली त्या इंग्लंडात पाऊस वर्षाच्या बाराही महिन्यांत थोडाथोडा पडतो. तेथे गवत आपोआप वाढते आणि ते कापणे एवढेच काम उरते. म्हणून १८३० साली एडविन बडिंग नावाच्या कारागिराने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले ते त्याच देशात. त्यांच्या हवेत ती सोय आहे, आपल्या हवेत ती चैन होते.

येथे स्वतःची एक चूक सांगणे प्राप्त आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका संस्थेच्या उद्यान-समितीवर मी होतो. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. जुन्या वृक्षांखालची जमीन ओबडधोबड होती, गवत धरत नव्हते. तेव्हा ट्रकने लाल माती आणून ती अर्धा फूट जाडीने पसरावी व रूळ फिरवून सपाट करावी असे ठरले. त्या ठरावास मीही मान डोलाविली. वृक्षाची मुळे खोल पाताळात जातात अशी आपली समजूत असते. वस्तुतः अन्न-पाणी शोषणारी बारीक मुळे बहुतांशी वरच्या एक-दीड फुटातच पसरलेली असतात आणि त्यांना पाण्याइतकीच हवेची आवश्यकता असते. आम्ही वरून मातीचा थर देऊन आणि तो रुळाने दाबून त्यांचा श्वासच कोंडला होता. पहिले वर्ष काही दिसले नाही. दुसऱ्या वर्षी शेंड्याकडील फांद्या वाळू लागल्या, तिसऱ्या वर्षी दोन खिरण्या उभ्याच्या उभ्या सुकल्या. खिरणी अतिशय सावकाश वाढणारे झाड आहे. ज्यांनी त्या लावल्या किंवा राखल्या ती माणसे केव्हाच निघून गेली होती, आणि त्यांच्या जागी तेवढ्या मोठ्या खिरण्या माझ्या हयातीत होणे नाही.

मग करावे काय? पाचोळा जागच्या जागी राहू द्यावा, हे पहिले. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आदळला म्हणजे मातीचे कण फुटून तिची छिद्रे बुजतात आणि पाणी वरून वाहून जाते. तोच थेंब पाचोळ्यावर पडला की त्याचा जोर मोडतो आणि पाणी सावकाश जमिनीत मुरते. तमिळनाडूत २००३ पासून इमारतींना पर्जन्यजल-संचयाची व्यवस्था सक्तीची आहे. तिच्या नळ्या व खड्डे असावेतच, परंतु चार एकर पाचोळा हेही जलसंचयाचे साधन आहे आणि त्यास खर्च नाही. वाळवी, गांडुळे, बुरशी व सूक्ष्मजंतू त्या पानांतील द्रव्ये पुन्हा मुळांच्या स्वाधीन करतात. पाने जाळणारी संस्था आपले खत जाळून त्याचा धूर मुलांच्या फुप्फुसांत भरते.

ह्यावरून काहीच न करणे म्हणजे वन राखणे असा अर्थ कोणी काढू नये. वाटा स्पष्ट आणि रुंद हव्यात. वर्गांच्या भिंतींपासून काही पावले जागा रोज झाडलेली हवी. मोडक्या, लोंबत्या फांद्या मुलांच्या डोक्यावर ठेवता येत नाहीत. घाणेरी आणि वेडी बाभूळ ही परदेशी झुडपे उघड्या जागेत प्रथम घुसतात. ती कोवळी असतानाच मुळांसकट काढली पाहिजेत, नाहीतर देशी रोपांना जागाच उरत नाही. हे काम वर्षातून दोनदा नेटाने करावे लागते, पण ते रोज पाणी घालण्याचे काम नव्हे.

सापांचे काय, हा प्रश्न पालक हटकून विचारतात आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. झाडीत साप असतात. परंतु त्यांना माणसांच्या वस्तीजवळ आणतात ते उंदीर, आणि उंदरांना आणतो तो उष्ट्या अन्नाचा उकिरडा. डब्यातील उरलेले अन्न झाकून ठेवणे, इमारतीलगत विटा-लाकडांचे ढीग न रचणे आणि पाचोळ्यात अनवाणी न जाणे हे नियम पाळल्यास भय बरेच कमी होते; ते शून्य होते असे मी म्हणणार नाही. डासांचा आरोप मात्र पाचोळ्यावर उगाच येतो. डास साचलेल्या पाण्यात वाढतात. कुंड्यांखालच्या ताटल्या, करवंट्या आणि उघड्या टाक्या आधी पाहाव्यात.

राहिला दिसण्याचा प्रश्न. येथे माझ्या बाजूच्या उत्साही मंडळींनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. गिंडीच्या उद्यानात काळवीट आहेत, आणि काळविटास दाट झाडी नव्हे तर आखूड गवताचे उघडे मैदान लागते. तेथे झुडपे माजल्याने आणि चांगल्या हेतूने झाडे लावल्याने अशी मैदाने आकुंचित झाली आणि काळविटांची अडचण झाली. तेव्हा गवताशी आमचे वैर नाही. जेथे मूळचेच ऊन आणि गवत आहे तेथे ते असावे. शाळेलाही प्रार्थनेसाठी आणि खेळण्यासाठी मोकळी जागा लागते. सावलीबाहेरची अशी एक जागा निवडावी, तेथे हरळी लावावी आणि उन्हाळ्यात ती पिवळी पडली तर पडू द्यावी. पहिल्या सरीनंतर ती पुन्हा हिरवी होते.

ह्या शाळेत शेवटी तडजोड झाली. प्रवेशद्वाराजवळ सुमारे पाच गुंठे हिरवळ आहे आणि ती थोडी मोठी असावी असे मंडळातील काहींना अजून वाटते. वादळाने मोकळी केलेली जागा मात्र तशीच ठेवली. त्या जागेचे दहा-दहा फुटांचे चौकोन आखून त्यांत कोणती रोपे आपोआप उगवली ह्याची नोंद दर जानेवारीत आठवीचा वर्ग करतो. पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून आलेला कडुनिंब सर्वांत अधिक आहे, त्याखालोखाल माकडलिंबू. खिरणीचे एक रोप गेल्या वर्षी उत्तरेकडील चौकोनात सापडले. ते वीतभर उंच आहे आणि त्याभोवती मुलांनी विटा उभ्या केल्या आहेत.