आजोबा मुरुडचे, मग नात कुठली?

जून आला की दापोली तालुक्यातल्या वाड्यांमध्ये कागदांची जमवाजमव सुरू होते. शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि या सर्वांच्या डोक्यावर बसलेला अधिवासाचा दाखला! पोरीने एम.एस्सी.ला प्रवेश स्वतःच्या गुणांवर मिळवला, तरी तिची फी शासन भरणार की बापाने कर्ज काढायचे, हे या शेवटच्या कागदावर ठरते.

मुरुड हे महर्षी कर्वे यांचे गाव. १८७५ साली हेच कर्वे परीक्षेसाठी मुरुडहून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेले. वयाचा दाखला जवळ होता. तरीही, वय लहान दिसते, असे म्हणून त्यांना परत पाठवले गेले. ब्राह्मणाच्या मुलाच्या हातातल्या खऱ्या दाखल्याची ही गत, तर आमच्या बौद्धवाडीतल्या मुलाच्या दाखल्याकडे कोण कसे बघत असेल, हे वाचकांना सांगायला नको.

कोकणातला आमचा समाज पोटासाठी मुंबईला गेला, तसा वापी-सुरतलाही गेला. आम्ही वकिली करतो, त्यामुळे अशी कुटुंबे भेटतात. आजोबा १९५० साली गावातच होते. मुलगा गुजरातेत कारखान्यात लागला. नात तिथेच जन्मली, तिथेच पदवीधर झाली आणि आता पुढच्या शिक्षणासाठी तिला महाराष्ट्रात यायचे आहे.

गुजरात म्हणते, तुम्ही आमचे अनुसूचित जातीचे नाहीत. हे म्हणणे कायद्याला धरून आहे. १० ऑगस्ट १९५० रोजी कुटुंब ज्या राज्यात राहत होते, त्या राज्याची अनुसूचित जात, असा नियम आहे. आंध्रातून वडिलांच्या नोकरीमुळे मुंबईत आलेल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात, मर्री चंद्रशेखर राव खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली तेच सांगितले. राज्य बदलले की मूळ राज्यातली सवलत बरोबर येत नाही.

मग ही मुलगी महाराष्ट्राच्या दारात येते. इथे तिला जातीचा दाखला मिळतो, कारण आजोबा मुरुडचे. पण मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती किंवा फ्रीशिप मागितली की विचारतात, महाराष्ट्रातले तुमचे १५ वर्षांचे वास्तव्य दाखवा! केंद्राच्या योजनेप्रमाणे ही शिष्यवृत्ती विद्यार्थी ज्या राज्याचा असेल त्या राज्याने द्यायची असते. दोन राज्यांपैकी एक म्हणते तू आमच्या जातीची नाहीस, दुसरे म्हणते तू आमच्या गावची नाहीस. मग ही मुलगी कोणत्या राज्याची?

रहिवाशांना फीमध्ये सवलत देणे बेकायदेशीर नाही. १९५५ सालीच डी. पी. जोशी विरुद्ध मध्य भारत या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात मध्य भारतच्या रहिवाशांना कॅपिटेशन फी माफ होती, बाहेरच्यांना नव्हती. आमचे सरकार त्या निकालाचा फायदा घेते, पण तिथला नियम पूर्ण वाचत नाही. त्या नियमात ज्याचा मूळ अधिवासच मध्य भारतातला होता आणि ज्याने दुसरीकडे अधिवास घेतलेला नव्हता, तो थेट रहिवासी ठरत होता. पाच वर्षांच्या वास्तव्याची अट मुळात बाहेरून आलेल्यांसाठी होती. आमच्या पोरीला तिच्याच आजोबांच्या राज्यात बाहेरची ठरवले जाते, आणि अटही पाचाची नाही, पंधराची!

२९ जानेवारी २०२५ रोजी तन्वी बहल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणातले रहिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवले. त्यामुळे आता अधिवासाची कटकट संपली, असे आमचे काही मित्र सांगत फिरतात. तसे नाही. तो निकाल जागांचा आहे. फी आणि शिष्यवृत्तीचा प्रश्न जिथल्या तिथे आहे.

परदेशी निघालेल्या मुलांनीही हे जाणून घ्यावे. अमेरिकेतली सरकारी विद्यापीठे राज्यातल्या रहिवाशांकडून कमी फी घेतात. त्यासाठी साधारण एक वर्षाचे वास्तव्य लागते, आणि केवळ शिकायला येऊन राहिलेले वर्ष सहसा धरत नाहीत. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्याला ही सवलत बहुतेक ठिकाणी मिळतच नाही. तरीही तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली कनेक्टिकट राज्याला बजावले की, विद्यार्थ्याला कायमचा परका ठरवू नका, आपण रहिवासी आहोत हे सिद्ध करण्याची संधी त्याला द्या. आमच्याकडे संगणकावरचा रकाना भरला नाही तर अर्जच पुढे सरकत नाही. संधी कोणाकडे मागायची?

बाबासाहेबांचा जन्म महूचा, मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, शिक्षण साताऱ्यात आणि मुंबईत. १९१३ साली त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली ती बडोद्याच्या सयाजीरावांनी. अट होती, पण ती परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याची. बडोद्यात मागची १५ वर्षे कुठे काढली, याचा दाखला त्या शिष्यवृत्तीसाठी लागला नाही.

आमची मागणी साधी आहे. कुटुंब १९५० साली महाराष्ट्रात होते असे शासनाच्याच प्रांताधिकाऱ्याने तपासून जातीचा दाखला दिला असेल, तर फीच्या सवलतीसाठी तोच रहिवासाचा पुरावा धरावा. दुसऱ्या राज्यात सवलत घेतली नाही, असे प्रतिज्ञापत्र हवे तर घ्यावे. यात परप्रांतीय घुसतील ही भीती आम्हाला पटत नाही. १९५० चा पुरावा बाजारात मिळत नाही.

तोपर्यंत समाजबांधवांनी मे महिन्यातच गाव गाठावे. सातबारा नसला तरी घाबरू नये. जन्म-मृत्यूची जुनी नोंद म्हणजे गाव नमुना १४, कोतवाल बुक, आजोबांच्या शाळेचे रजिस्टर, १९५९ साली महार वतन खालसा झाले त्या वेळचे कागद, यांच्या सही-शिक्क्याच्या नकला काढाव्यात. आणि खिडकीवरून तोंडी नकार घेऊन कोणी परत येऊ नये. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे अर्जाची पोच मिळाली पाहिजे, नकार दिला तर कारणासह लेखी दिला पाहिजे. पहिल्या अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे. लेखी नकार हातात असेल, तर पुढे उच्च न्यायालयात काय करायचे ते आम्ही वकील मंडळी बघू.