‘महारोग’ : व्याधी, पाप आणि शब्द

एच. ए. ॲक्वर्थ हे नाव मराठीच्या अभ्यासकाला पोवाड्यांमुळे परिचित आहे. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या सहकार्याने त्यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ हा संग्रह शाहिरी वाङ्मयाच्या अभ्यासाचा एक आरंभबिंदू मानला जातो. याच ॲक्वर्थ यांनी मुंबईचे महापालिका आयुक्त असताना १८९० मध्ये माटुंगा येथे निराधार कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उभारले, आणि वडाळ्याचे कुष्ठरोग रुग्णालय आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते, ही गोष्ट मात्र वाङ्मयेतिहासात सहसा नोंदवली जात नाही. पोवाडे साहित्याचे आणि कुष्ठरोग वैद्यकाचा, अशी वाटणी आपण गृहीत धरली आहे. ही वाटणी तपासून पाहणे अगत्याचे आहे; कारण कुष्ठरोगाचा प्रश्न जितका जंतूंचा आहे तितकाच तो शब्दांचा आहे, आणि शब्दांची जबाबदारी भाषेच्या व साहित्याच्या अभ्यासकांना टाळता येत नाही.

आज ज्याला कुष्ठरोग म्हणतात त्याचा जंतू नॉर्वेतील वैद्य हान्सेन यांनी १८७३ मध्ये शोधला. तो मुख्यतः त्वचा आणि मज्जातंतू यांवर आघात करतो. बोटे रोगाने ‘झडतात’ ही समजूत चुकीची आहे. मज्जातंतू निकामी झाल्याने संवेदना जाते, चटका किंवा जखम कळत नाही, दुर्लक्षित जखम चिघळते आणि त्यातून विकृती येते. बहुसंख्य माणसांना या जंतूविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या बहुऔषधी उपचाराने सहा महिने ते एक वर्ष या अवधीत रुग्ण बरा होतो. हे सारे निश्चित असताना भीती का ओसरत नाही, याचे एक उत्तर शब्दांच्या इतिहासात सापडते.

आयुर्वेदातील ‘कुष्ठ’ हे एका रोगाचे नाव नाही. सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे असे अठरा प्रकार तेथे सांगितले आहेत, आणि त्यांत त्वचेचे कित्येक साधे विकारही येतात. याच शब्दापासून आलेला ‘कोड’ मराठीत पांढऱ्या डागांपुरता स्थिरावला, तर हिंदीतील ‘कोढ़’ कुष्ठरोगाचाच वाचक राहिला. म्हणजे ज्या विकारात संसर्गाचा प्रश्नच नाही, त्याच्या नावातही कुष्ठाची छाया राहून गेली. ‘महारोग’ या शब्दाची कथा आणखी बोलकी आहे. सुश्रुतसंहितेत आठ व्याधी ‘महागद’ म्हणून गणल्या आहेत. त्यांत कुष्ठाबरोबर प्रमेह, मूळव्याध, भगंदर, मुतखडा यांचाही समावेश आहे. मराठीत ‘महा’ हे विशेषण या आठांपैकी एकालाच चिकटले. मधुमेह झालेल्याला कोणी महारोगी म्हणत नाही. तेव्हा ही निवड वैद्यकाने नव्हे, समाजाने केली, असे म्हणावे लागते.

या निवडीला धर्मविचाराचे पाठबळ होते. चरकसंहितेने कुष्ठाच्या कारणांत विरुद्ध आहाराबरोबर पापकर्माचीही गणना केली आहे. मनुस्मृतीने कुष्ठी आणि श्वित्री यांची कुळे विवाहासाठी वर्ज्य ठरवली आणि वस्त्रचोराला श्वित्राचा विपाक सांगितला. पुराणांतील सांब शापाने कुष्ठी होतो आणि सूर्योपासनेने मुक्त होतो. मराठीत याच परंपरेचे दोन ठळक प्रसंग आहेत. ‘गुरुचरित्रा’च्या चाळिसाव्या अध्यायात श्वेतकुष्ठाने पीडित नरहरी वाळलेल्या औदुंबराच्या काष्ठाला श्रद्धेने पाणी घालतो, काष्ठाला पालवी फुटते आणि त्याचे कुष्ठ जाते. महिपतीने वर्णिलेल्या एकनाथचरित्रात त्र्यंबकेश्वरी अनुष्ठान करणारा कुष्ठी ब्राह्मण दृष्टान्तानुसार पैठणास येतो आणि अंत्यजावर केलेल्या दयेचे नाथांचे पुण्य मागतो. ते मिळताच तो रोगमुक्त होतो आणि नाथांना दोषी ठरवणारा ब्रह्मवृंद निरुत्तर होतो.

या कथांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. विशेषतः दुसरी कथा अस्पृश्यतेच्या विरोधात उभी राहते, आणि अध्यापनात तिचा हा अर्थ योग्य रीतीने सांगितलाही जातो. परंतु एक गोष्ट त्या विवेचनातून सुटते. नाथांचे पुण्य सिद्ध व्हावे म्हणून तो ब्राह्मण रोगी असणे कथेला आवश्यक आहे. त्यापलीकडे त्याच्या जगण्याशी कथेला कर्तव्य नाही. एका कलंकाचे निराकरण करताना दुसरा कलंक साधन म्हणून वापरला जातो. रोग हे पापाचे चिन्ह आणि बरे होणे हे पुण्याचे प्रमाण, या चौकटीत रुग्ण हा माणूस न राहता पुरावा होतो. जो बरा होत नाही तो मग आपोआप अपराधी ठरतो.

आधुनिक राज्यसंस्थेने ही चौकट मोडली असे मानणेही भाबडेपणाचे होईल. १८९०-९१ मधील कुष्ठरोग आयोगाने या रोगाचा संसर्ग अल्प असल्याचे सांगून सक्तीच्या विलगीकरणाला पाठिंबा दिला नव्हता. तरीही १८९८ मध्ये कायदा झाला, आणि त्याचा रोख होता तो उघडपणे भीक मागणाऱ्या किंवा उपजीविकेचे साधन नसलेल्या रुग्णावर. घर आणि पैसा असलेला रुग्ण घरीच राहू शकत होता. संसर्ग श्रीमंती पाहून थांबत नाही. म्हणजे कायद्याने दूर केली ती व्याधी नव्हे, दिसणारी गरिबी. हा कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडावे लागले, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणाऱ्या वैयक्तिक कायद्यांतील तरतुदी २०१९ मध्ये काढल्या गेल्या. औषध उपलब्ध होऊन तोवर तीन दशके उलटून गेली होती.

महाराष्ट्राला या बाबतीत निराळी परंपराही लाभली आहे. दत्तपूरला मनोहर दिवाण, अमरावतीच्या तपोवनात शिवाजीराव पटवर्धन आणि वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा व साधनाताई आमटे यांनी उपचाराला श्रमाची आणि प्रतिष्ठेची जोड दिली. सेवाग्रामात परचुरेशास्त्रींची शुश्रूषा गांधीजींनी स्वतः केली, हे सर्वश्रुत आहे. पण या प्रसंगाच्या स्मरणातही गांधीजींचे हात आठवतात. परचुरेशास्त्री संस्कृतचे पंडित होते, हे अनेकदा तळटीपेत जाते. ‘समिधा’सारखे आत्मकथन मराठीला मिळाले, परंतु तेही सेवा करणाऱ्याच्या बाजूचे. कुष्ठरोगाविषयीच्या मराठी लेखनात रुग्ण बहुधा तृतीयपुरुषीच राहिला. दलित आत्मकथनांनी ‘आम्ही’ हा शब्द साहित्यात आणून जो पालट घडवला, तसा पालट या क्षेत्रात ठळकपणे घडला नाही.

शब्द बदलल्याने काय साधणार, असा आक्षेप येथे घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या वरोऱ्याच्या संस्थेच्या नावातच ‘महारोगी सेवा समिती’ असा शब्द आहे, आणि तेथील कामाने त्या शब्दातील तिरस्कार पुष्कळसा धुऊन काढला. केवळ पर्यायी शब्द रूढ करून काम भागत नाही, हे यावरून दिसते. परंतु यातून उलट निष्कर्षही काढता येत नाही. अग्रलेखांत आणि समीक्षेत ‘भ्रष्टाचाराचा महारोग’, ‘जातीयतेचे कुष्ठ’ अशी रूपके आजही सहज येतात. जातीयता ही बहिष्काराची व्यवस्था. तिच्या निषेधासाठी बहिष्कृताच्याच व्याधीचे नाव वापरणे हा केवळ भाषिक अनवधानाचा प्रश्न नाही. ‘हात झडोत’ या शिव्याशापामागे जे गृहीतक आहे, तेच या रूपकामागे आहे.

म्हणून साहित्याच्या अभ्यासकाकडून काही माफक अपेक्षा करणे गैर ठरणार नाही. जुन्या ग्रंथांच्या संपादनात ‘कुष्ठ’, ‘श्वित्र’, ‘कोड’, ‘रक्तपिती’ हे शब्द एकाच अर्थाने उलगडू नयेत. कोशांनी अर्थ देताना रोगाचे आजचे स्वरूप नोंदवावे. वर्गात संतचरित्र शिकवताना चमत्काराबरोबर ज्याच्यावर तो घडला त्याच्याविषयीही प्रश्न विचारले जावेत. आणि वसाहतींत, रुग्णालयांत राहिलेल्या माणसांची कथने, गाणी, पत्रे ही वाङ्मयीन सामग्री मानून जमवली जावीत.

राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली गेल्याचे भारताने २००५ च्या अखेरीस जाहीर केले. तरीही जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात आढळतात. त्यांतले कित्येक डाग लपवतात, उशिरा येतात, आणि त्या उशिरामुळेच विकृती कायमची राहते. हा उशीर औषधाच्या अभावाने होत नाही. पोवाड्यांच्या शोधात ॲक्वर्थ आणि शाळिग्राम गोंधळ्यांपर्यंत पोहोचले म्हणून ते वाङ्मय वाचले. माटुंग्याच्या आश्रयस्थानात राहिलेल्या माणसांनी काय सांगितले, काय गायिले, हे टिपून घ्यावे असे मात्र मराठीच्या अभ्यासाला वाटले नाही. ती उणीव भरून काढण्याचे काम अजून बाकी आहे.