सवचं गरम पाणी आणि माझा साबण

शनिवारी रात्री रिलीज एकदाचं पार पडलं (त्यावर वेगळा लेख लिहावा लागेल!) आणि रविवारी पहाटे आम्ही चौघं मित्र महाडला निघालो. महाडजवळ सावित्रीच्या काठी सव नावाचं गाव आहे, तिथे गरम पाण्याचे झरे आहेत. गाडी मुद्दाम महाडातच ठेवली आणि झाडीतून पायवाट मिळेल तिथून चालत गेलो. पायाखाली सुका पाला, कोवळं ऊन, मोबाईल बॅगेत. मजा आली.

"इथे ज्वालामुखी असणार रे," एकजण म्हणाला. तर तसं नाही. सह्याद्रीचा लाव्हा थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली. पावसाचं पाणी खडकातल्या भेगांमधून खोल मुरतं. खाली दर किलोमीटरला साधारण २५-३० अंशांनी तापमान वाढतं. तिथे तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून वर येतं. वज्रेश्वरी, उन्हेरे, सव, उन्हवरे, राजापूर... कोकणात अशा झऱ्यांची रांगच आहे.

पाण्यात उतरलो आणि सवयीने साबण काढला. शेजारी गुडघे शेकत बसलेल्या आजी म्हणाल्या, "साबण नको रे बाबा. आम्ही पण ह्याच पाण्यात बसतो." मी फेसाकडे बघितलं. कडेला शाम्पूच्या पुड्या पडल्या होत्या. त्या माझ्या नव्हत्या, पण फेस माझाच होता. कान लाल झाले, आणि ते काही गरम पाण्यामुळे नव्हे.

परतताना मित्र म्हणाला, "पन्नास रुपये तिकीट लावा, आपोआप स्वच्छ राहील." मला हे अजिबात पटलं नाही. एक तर साबण लावणारा मीच होतो, आणि पन्नास रुपये मी हसत दिले असते. उलट पैसे दिलेत म्हटल्यावर दोनदा साबण लावला असता! अडल्या असत्या त्या आजी.

आणि हे महाड आहे, मंडळी. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केलं, पण कागदावरच. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसं तिथे जाऊन पाणी प्यायली, तेव्हा कुठे त्या ठरावाला अर्थ आला. पुढे कोर्टकचेरी चालली ती थेट १९३७ च्या हायकोर्टाच्या निकालापर्यंत. त्याच गावाच्या शेजारी पाण्याला पुन्हा फाटक लावायचं?

'सार्वजनिक' म्हणजे 'कुणाचंच नाही' असं आपण शहरातली माणसं धरून चालतो. खरा अर्थ 'त्या आजींचंसुद्धा' असा आहे. तेव्हा सवला जरूर जा, चालत जा. साबण घरी ठेवा, आणि येताना दोन-चार पुड्या उचलून आणा. मी सहा आणल्या. फेसाची भरपाई त्याने होत नाही, पण असो.