आई शाळेत, घरी कोण?

पोटापाण्याचं / साप्ताहिक सदर

दहावीचा निकाल लागला की वर्तमानपत्रात एक फोटो ठरलेला असतो. माय-लेक एकाच वर्षी पास, एकमेकांना पेढा भरवताहेत. आईच्या जिद्दीचं कौतुक होतं. धाकट्याला वर्षभर संध्याकाळी कोण सांभाळत होतं, हे कुणी विचारत नाही. माझ्या लेखी खरी बातमी ती.

लालबाग-परळमधल्या बायका बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरतात किंवा रात्रशाळेत नाव घालतात, ते हौसेपोटी नाही. १९८२च्या गिरणी संपानंतर इथल्या बायकांनी डबे करून, धुणीभांडी करून घरं ओढली. आता त्यांच्या लेकीसुनांना त्यातून बाहेर पडायचंय. नर्सिंग असो की आयटीआयचा ट्रेड, पहिला अडसर बहुतेक वेळा दहावीचाच. आणि रात्रशाळा भरते साडेसहा-सातला, म्हणजे नेमकी कुकर लावायच्या आणि पोरांना अभ्यासाला बसवायच्या वेळी. सासूबाई धडधाकट असल्या तर निभतं. त्या नसल्या, किंवा असूनही ‘आता या वयात कसली शाळा’ म्हणणाऱ्या असल्या, की दिवाळीनंतर बाक रिकामा. फी माफ करून हे सुटत नाही.

पंडिता रमाबाईंना हे पक्कं ठाऊक असणार. १८८३ साली त्या विलायतेला निघाल्या तेव्हा विधवा होत्या आणि मनोरमा जेमतेम दोन वर्षांची. डॉक्टर व्हायचं होतं. कानांनी दगा दिला. मग चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकल्या, पुढे अमेरिकेत फिलाडेल्फियाला बालवाडीचं शिक्षण घेतलं. हे जमलं त्याला त्यांची बुद्धी कारण होतीच, पण मनोरमेला सांभाळायला वाँटेजच्या मठातल्या सिस्टर होत्या, हेही होतं. परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन काढलं. तिथे शिकायला आलेल्या तरुण विधवा गोदूबाई नातू म्हणजे पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या बाया कर्वे. सदन दीड-दोन वर्षांतच पुण्याला गेलं, गिरगावाचं नशीब!

पुण्याच्या सेवासदनात रमाबाई रानडे आणि देवधरांनी तर वेळापत्रकच बाईच्या दिवसाकडे बघून लावलं: जेवणंखाणं उरकल्यावर, दुपारी, प्रौढ बायकांचे वर्ग. शंभर वर्षांपूर्वी सुचलेली ही साधी गोष्ट आज आपल्या शिक्षण खात्याला का सुचू नये?

पाळणाघराचंही तेच. गिरण्या होत्या तेव्हा कारखाना कायद्याने बाईकामगारांच्या पोरांसाठी पाळणाघर ठेवावं लागे. कसं ठेवत, तो भाग वेगळा. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या कचेरीलाही ते बंधनकारक झालं. म्हणजे त्याच गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये नोकरी करणाऱ्या आईला निदान कागदावर तरी हक्क आहे. त्या नोकरीपर्यंत पोचायला शिकणाऱ्या आईला कागदावरही काही नाही.

महापालिकेच्या मराठी शाळांत पटसंख्या घटली, वर्ग ओस पडले, म्हणून आपण गळे काढतो. रात्रशाळा भरते त्याच इमारतीतली तळमजल्यावरची एक खोली संध्याकाळी पोरांसाठी उघडा. खर्च मोजायचाच तर दोन सतरंज्या, दूध-बिस्किटं, एका सेविकेचा पगार. आणि शिपायाचा ओव्हरटाइम, त्यावरूनच फाइल अडेल.

— गिरगावकर