मुदत टळली, संवाद तुटला



कृष्णा-पंचगंगेच्या काठी राहणाऱ्या आपणांस रस्ता बंद होणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर कुरुंदवाडमधील माझ्या परिचयाच्या एका व्यापारी कुटुंबाने शहाणपणाचा निर्णय घेतला. गावातील पेढी, जयसिंगपूरचे गोदाम आणि पुण्याचे कार्यालय यांना जोडणारी फोन व व्हिडिओ बैठकांची स्वतःची व्यवस्था त्यांनी उभारली. तिचा सर्व्हर पुण्यात आहे. पाणी रस्त्यावर आले तरी व्यवहार थांबू नये, हा हेतू.

गेल्या चातुर्मासात एका सकाळी पेढीवरचे सारे फोन मुके झाले. वीज होती, इंटरनेट होते, बिलही भरलेले होते. संगणकावरून बैठक उघडू जाता पडद्यावर ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ अशी सूचना येई. धाकट्या चिरंजीवांनी ‘तरीही पुढे जा’ हा पर्याय दाबून काम चालू केले आणि इतरांनाही तसेच करण्यास सांगितले. सायंकाळी हे मला कळले, तेव्हा मी त्यांना एवढेच म्हणालो, की फोन बंद पडले ही अडचण होती. सूचना डावलली हा धोका आहे.

कारण साधे आहे. बँकेत धनादेश आला की त्यावरील सही आम्ही नमुना सहीशी ताडून पाहत असू. सर्व्हरचे सुरक्षा प्रमाणपत्र हे असेच ओळख पटवण्याचे साधन आहे. या नावाचा सर्व्हर खरोखर त्याच मालकाच्या ताब्यात आहे, याची खातरी करून विश्वासपात्र संस्था ते ठरावीक मुदतीसाठी देते. ते वैध असेल तर आपले बोलणे कुलूपबंद होऊन योग्य ठिकाणीच पोहोचते. सूचना डावलली तरी पेटीला कुलूप लागते. पण पेटी कोणाच्या हाती दिली, हे ठाऊक नसते. आणि एकदा घरातल्या माणसांना सूचना डावलण्याची सवय लागली, की खरा भामटा मध्ये येऊन बसेल त्या दिवशीही ती डावललीच जाईल. ज्या बैठकीत मालाचे भाव ठरतात आणि पैसे पाठवण्याचे आदेश दिले जातात, तेथे याची किंमत किती, हे व्यापाऱ्यांना सांगणे नको.

चौकशीअंती असे दिसले, की प्रमाणपत्राचे नूतनीकरण वेळेवर झाले होते! ते आपोआप होई आणि संकेतस्थळाला लागूही पडे. फोनच्या सर्व्हरवर मात्र नवे प्रमाणपत्र दर तीन महिन्यांनी हाताने बसवावे लागे. ते करणारा कर्मचारी नोकरी सोडून गेला आणि ते काम कोणाच्याच नावावर उरले नाही.

यात त्या कुटुंबाने फार खजील होण्याचे कारण नाही. ६ डिसेंबर २०१८ रोजी एरिक्सन कंपनीच्या यंत्रणेतील एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि ब्रिटनमध्ये ओटू कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांची मोबाइल सेवा विस्कळीत झाली. ३ फेब्रुवारी २०२० रोजी मायक्रोसॉफ्टचे टीम्स काही तास बंद पडले, तेही प्रमाणपत्र नूतनीकरणाचे राहून गेल्यामुळेच. दोन्ही वेळा चोर कोणी नव्हता. विसर पडला होता.

यापुढे विसरणे अधिक महाग पडेल. सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत ३९८ दिवसांवरून १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १०० दिवस आणि २०२९ पासून अवघे ४७ दिवस करण्याचे ठरले आहे. मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट संस्थेने तर जून २०२५ पासून मुदतीची स्मरणपत्रे ई-मेलने पाठवणेही थांबवले आहे.

म्हणून बँकेतील देय तारखांच्या नोंदवहीसारखी एक वही ठेवावी. प्रमाणपत्र कोणत्या नावाचे, कोणकोणत्या सर्व्हरवर बसवलेले, मुदत केव्हा संपते, जबाबदार कोण आणि तो रजेवर असल्यास दुसरा कोण, एवढे रकाने पुरेत. नवे प्रमाणपत्र बसवल्यावर ती सेवा पुन्हा सुरू करावी आणि संकेतस्थळ उघडते एवढ्यावर समाधान न मानता टेबलावरच्या फोनवरून प्रत्यक्ष बोलून पाहावे. या फोनमध्ये विश्वासपात्र संस्थांची स्वतःची यादी असते. ती जुनी असली, फोनचे घड्याळ चुकले किंवा सर्व्हरवर मधले प्रमाणपत्र बसवायचे राहिले, तर संगणक चालतो आणि फोन चालत नाही. प्रमाणपत्राची खासगी किल्ली मात्र तिजोरीच्या किल्लीप्रमाणे जपावी. ती ई-मेलने पाठवू नये, आणि ती हाताळणारा माणूस नोकरी सोडून गेला तर नवी किल्ली करून नवे प्रमाणपत्र घ्यावे.

तत्त्वार्थसूत्रात कर्मबंधाच्या कारणांमध्ये प्रमादाचीही गणना आहे. सावधपणाचा अभाव हाही दोषच, अशी आपली दृष्टी आहे. ती पेढीवरही उपयोगी पडावी. त्या कुटुंबाने आता वही घातली आहे. पहिल्या पानावर पुढची तारीख आहे आणि तिच्यासमोर धाकट्या चिरंजीवांची सही आहे.