भाजलेले अन्न आणि वरचे मीठ

आपल्याकडे पान वाढावयास आरंभ होतो तो मिठापासून. पक्वान्नांची प्रतिष्ठा मोठी खरी, परंतु पानाच्या शिरोभागी पहिला मान चिमूटभर मिठाचा आणि त्याच्या शेजारी लिंबाच्या फोडीचा. हे मीठ तेथे कशासाठी वाढतात, असे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. पुष्कळांच्या पानात ते जेवण संपेपर्यंत जसेच्या तसे राहते व उष्ट्याबरोबर उचलले जाते. आमच्या मते ही चिमूट केवळ रीत म्हणून वाढलेली नसते. निदान विस्तवावर भाजलेल्या पदार्थांच्या बाबतीत तरी तिच्याइतके उपयोगी पानात दुसरे काही नसते. थंडीचे दिवस आहेत, घरोघर शेगडीवर काही ना काही भाजले जात आहे; तेव्हा ह्या महिन्यात त्याविषयीच लिहावे असे आम्ही योजिले आहे.

आमचा नंदुरबार जिल्हा १९९८ च्या जुलैत धुळ्यापासून वेगळा झाला, पण भाजून खाण्याची येथील आवड फार जुनी. पावसाळ्यात धडगाव, तोरणमाळकडे मक्याची कणसे निखाऱ्यावर चढतात. पौष-माघात शेतावर ज्वारीचा हुरडा होतो. वांग्याच्या भरिताला तर सबंध खानदेशात मान. ती वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजली म्हणजे त्यांस जो वास येतो, तो गॅसच्या शेगडीवर यावयाचा नाही. शिवाय रताळी आहेत, भुईमुगाच्या शेंगा आहेत, पापड आहेत. इतके सगळे भाजणारे आपण, पण मीठ केव्हा, कोणते व किती घालावे ह्याचा विचार सहसा करीत नाही.

येथे आम्हांस पाणिनीची आठवण होते. एखाद्या पदार्थात दुसरा पदार्थ मिसळला असता तो अर्थ दाखविण्यासाठी संस्कृतात प्रत्यय लागतो. दही मिसळलेल्या पदार्थास ‘दाधिक’ म्हणतात. परंतु लवण शब्दाला लागलेल्या प्रत्ययाचा पाणिनीने लोप सांगितला आहे. म्हणून मीठ घातलेल्या वरणास नुसते ‘लवण’च म्हणावयाचे. विद्यार्थ्यांना हे शिकविताना आम्ही सांगत असू की वरणातले मीठ जसे विरघळून दिसेनासे होते, तसाच येथे प्रत्ययही दिसेनासा होतो. शिजविलेल्या अन्नाला हे शोभते. भाजलेल्या अन्नाची गोष्ट ह्याच्या उलट आहे.

भाजताना पदार्थाच्या पृष्ठभागातील पाणी निघून जाते व त्यावर कोरडी, करपट साल तयार होते. विस्तवावर ठेवण्यापूर्वी कणसाला मीठ लाविले तर ते निम्मे निखाऱ्यात झडते. चिरलेल्या भाजीला लाविले तर ते तिच्यातले पाणी बाहेर ओढते, आणि भाजी खरपूस होण्याऐवजी आपल्याच पाण्यात उकडते. उलट पदार्थ विस्तवावरून उतरविल्यावर, ऊन असतानाच वरून मीठ भुरभुरले म्हणजे त्याचे कण तसेच राहतात व थेट जिभेवर जाऊन विरघळतात. मिठाची चव कळावयाची ती लाळेत विरघळल्यावरच. पदार्थाच्या पोटात दडलेल्या मिठाचा बराच भाग जिभेला न लागताच गिळला जातो. म्हणून वरचे मीठ थोडे असूनही पुरेसे लागते. सगळ्या गोष्टीचे मर्म एवढेच आहे.

आता कोणते मीठ घ्यावे? चरकाने पाच लवणे सांगितली आहेत: सैंधव, सौवर्चल, बिड, औद्भिद आणि सामुद्र. त्यांत सैंधवाला त्याने श्रेष्ठ म्हटले आहे. पण त्याच ग्रंथात पिंपळी, क्षार व लवण ह्या तिहींचा अतिरेक करू नये असेही बजाविले आहे, हे सैंधवाचे भक्त विसरतात. आपल्या दुकानांतून मिळतात ती मुख्यत्वे चार मिठे. एक, आयोडिनयुक्त बारीक मीठ. दुसरे, खडे मीठ. हे कोकणच्या मिठागरांतून येते, तसेच गुजरातेत कच्छच्या लहान रणातील खाराघोड्याकडून येते. तेथे अगरिया लोक जमिनीखालचे खारे पाणी उपसून उन्हात वाळवितात. तिसरे सैंधव, म्हणजे खाणीतले मीठ. त्याचा गुलाबी रंग त्यातील लोहामुळे येतो. चौथे पादेलोण, ज्यास सरहद्दीपलीकडे गुजरातेत संचळ म्हणतात.

बारीक मीठ ऊन पदार्थावर पडताच विरघळते व चव सगळीकडे सारखी देते. कणसाला तेच बरे. अर्धे लिंबू मिठात व लाल तिखटात बुडवून कणसावरून फिरवावे. लिंबाच्या ओलाव्याने मीठ दाण्यांना धरते. धडगावकडचे आमचूर घरी असेल तर लिंबावाचूनही चालेल, मात्र मग कणसाला आधी तुपाचे बोट लावावे, नाहीतर कोरड्यावर कोरडे टिकत नाही. भरिताला खडे मीठ खलबत्त्यात जाडसर कुटून, सर्वांत शेवटी, कच्च्या तेलाच्या धारेबरोबर घालावे. रताळ्यावर सैंधव, उपवासालाही ते चालते. पादेलोणाचा गंधकासारखा वास आचेवर उडून जातो, म्हणून ते नेहमी वरूनच, आणि आंबट पदार्थांवरच शोभते. भाजलेल्या कैरीच्या पन्ह्याला त्याची जोड उत्तम. हुरड्याबरोबरच्या चटणीत मीठ असतेच, आणि पापड तर लाटण्यापूर्वीच खारट झालेला असतो. ह्या दोहोंवर वेगळे मीठ घेऊ नये.

कृतीच्या दोन गोष्टी सांगतो. चिमूट पदार्थाच्या हातभर वरून सोडावी म्हणजे मीठ एके ठिकाणी न पडता पसरते. पावसाळ्यात खड्या मिठाला पाझर फुटतो तो त्यातील मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे. असे मीठ कोरड्या तव्यावर मंद आचेवर परतून, गार झाल्यावर कुटावे व घट्ट झाकणाच्या बरणीत भरावे.

विलायतेत ह्याच कामासाठी खास मिठे आहेत. इंग्लंडातील मॉल्डनचे मीठ पातळ पापुद्र्यांचे असते; फ्रान्समधील गेरांदच्या मिठागरांत पाण्यावर धरलेली नाजूक साय हलक्या हाताने काढून तिला ‘मिठाचे फूल’ म्हणतात. आपल्याकडेही ती आता मोठ्या शहरांतून मिळतात व किंमत ऐकून छाती दडपते. परंतु द्रव्य तेच. निराळा आहे तो कणाचा आकार आणि तो दाताखाली चुरडण्याचा आनंद. त्या आनंदाचा पुष्कळसा भाग आपला खलबत्ता फुकट देतो.

आता ज्या कारणासाठी हा विषय आम्हांस लिहावासा वाटला ते सांगतो. आमचे घर एकत्र. एका वेळी आठ-नऊ पाने मांडली जातात. आमच्या थोरल्या वहिनींना रक्तदाबामुळे डॉक्टरांनी मीठ कमी करावयास सांगितले. सूनबाईंनी मोठ्या काळजीने त्यांचे भरीत वेगळ्या वाडग्यात, अळणी करावयास आरंभ केला. चार दिवस वहिनी काही बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी भूक नाही म्हणून सांगितले, आणि पुढे तसेच सांगू लागल्या. ज्या बाईने चाळीस वर्षे सगळ्या घराला वाढले तिचे अन्न वेगळ्या भांड्यात गेले, ह्याचे दुःख पथ्यापेक्षा भारी होते. शेवटी सूनबाईंनीच तोड काढली. पूर्वी आठ जणांच्या भरितात दोन चमचे मीठ पडे, ते एकावर आणिले, आणि ज्याला हवे त्याने पानातली चिमूट वरून घ्यावी असे ठरले. मास्तरकीच्या सवयीने आम्ही हिशेब केला: दोन चमचे म्हणजे दहा-बारा ग्रॅम, आता एक चमचा आणि सगळ्यांच्या चिमटी मिळून आठ ग्रॅमच्या आतच. वहिनी वरची चिमूट घेत नाहीत, क्वचित लिंबू पिळतात. पण भरीत त्यांच्या पानात पडते ते त्याच पातेल्यातले.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला दिवसाकाठी पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे सपाट चमचाभराच्या आत, मीठ सांगितले आहे. त्यात लोणचे, पापड, चटणी सगळे आले. सैंधवाने ह्या हिशेबातून सुटका होत नाही, कारण तेही बहुतांशी तेच सोडियम क्लोराइड आहे. शिवाय त्यात आयोडिन घातलेले नसते. आपल्या देशात गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला तो आयोडिनयुक्त मिठाच्याच आधारे. गरोदर स्त्रीला आयोडिन कमी पडले तर पोटातील बालकाच्या मेंदूच्या वाढीस अपाय होतो. म्हणून घरात लेकी-सुना व मुले असतील तेथे रोजचे मीठ आयोडिनयुक्तच असावे. सैंधव आणि पादेलोण चवीपुरतेच राहू द्यावे. आयोडिन शिजविताना काहीसे नाश पावते, तेव्हा ते मीठ शेवटी घालण्यात हाही एक लाभ आहे. बाजारात कमी सोडियमची मिठे मिळतात, त्यांत पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ती डॉक्टरांस विचारल्यावाचून घेऊ नयेत.

असो. आमच्या भगिनींस एवढीच विनंती की पुढच्या भरिताला पातेल्यातले मीठ निम्मे करून पाहावे, आणि पाने मांडताना वरची चिमूट विसरू नये. पहिल्या दिवशी कोणीतरी ‘आज मीठ कमी झाले’ असे म्हणेल. त्याला उत्तर न देता त्याच्या पानातल्या मिठाकडे बोट दाखवावे.