चिमूटभर इंग्रजी

आमटी चाखून सासूबाई म्हणतात, 'मीठ किंचित कमी आहे गं,' आणि किंचित म्हणजे किती, हे सूनबाईंना बरोबर कळते. त्यासाठी तराजू लागत नाही. थोडेपणा दाखवणारे शब्द आपल्याकडे मुळीच थोडे नाहीत. चिमूटभर, कणभर, तीळभर, गुंजभर, तसूभर, यत्किंचित, लेशमात्र... आणि यातला कुठला कुठे बसतो, हे कोणाला शिकवावेही लागत नाही. गुंजभर सोने असते, तसूभर साखर नसते. तसूभर म्हटले की 'मागे हटला नाही' हे शब्द पाठोपाठ आलेच.

इंग्रजीतही नेमके असेच आहे. पण शब्दकोश उघडला, तर डझनभर शब्दांपुढे 'अत्यल्प', 'किंचित' एवढेच लिहिलेले असते. कोणाची कोणाशी सोयरीक, ते कोश सांगत नाही. मग घोटाळे होतात, आणि सर्वांत महाग घोटाळा सर्वांत साध्या शब्दाचा होतो.

तो शब्द म्हणजे 'लिटल'. समजा, हिशेबनीसाच्या जागेसाठी एका तरुणाने अर्जात लिहिले, 'आय हॅव लिटल एक्सपीरिअन्स ऑफ अकाउंट्स.' त्याला म्हणायचे आहे, हिशेबाचा थोडाफार अनुभव आहे. वाचणाऱ्या साहेबांना मात्र अर्थ लागतो, 'अनुभव जवळजवळ नाहीच.' मधला एक 'अ' राहिला आणि अर्ज बाजूला पडला. 'अ लिटल एक्सपीरिअन्स' म्हणजे थोडा आहे, नुसते 'लिटल' म्हणजे नसल्यातच जमा. मराठीत हे काम एकटा 'च' करतो. 'पैसे थोडे आहेत' आणि 'पैसे थोडेच आहेत' यांतला फरक लहान मुलालाही कळतो. इंग्रजीत तोच फरक 'अ' गाळून दाखवतात. आपल्या भाषेत असा 'अ' नसल्यामुळे तो लिहिताना सुटतो आणि ऐकतानाही निसटतो. मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी 'फ्यू' आणि 'अ फ्यू' ही जोडीही याच चालीची. 'अ फ्यू फ्रेंड्स' म्हणणाऱ्याला चार मित्र आहेत. 'फ्यू फ्रेंड्स' म्हणणारा बिचारा एकटा आहे.

यापुढची गंमत अशी, की याच 'अ फ्यू'च्या आधी 'क्वाइट' लावले, तर अर्थ एकदम फुगतो. 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे बरेच, आणि 'क्वाइट अ बिट' म्हणजे पुष्कळच. हा 'बिट' मुळात 'बाइट'चा भाऊ, म्हणजे तोंडात मावेल एवढा घास. आणि इंग्रज माणूस 'अ बिट ऑफ अ प्रॉब्लेम' म्हणतो, तेव्हा तर सावधच राहावे. घरात गुडघाभर पाणी शिरले, तरी तो तेवढेच म्हणेल.

काही शब्द फक्त नकारातच शोभतात. आपण म्हणतो, तिळमात्र शंका नाही. 'तिळमात्र शंका आहे' असे सहसा कोणी म्हणत नाही. इंग्रजीतले 'आयोटा', 'जॉट' आणि 'व्हिट' हे या गोत्रातले. आयोटा हे ग्रीक वर्णमालेतले एक अक्षर, नुसती एक बारीक रेघ. बायबलमधल्या मॅथ्यूच्या शुभवर्तमानात ते 'अगदी क्षुल्लक' या अर्थाने आले आणि तिथून इंग्रजीत रुजले. 'जॉट' हे त्याचेच घासून लहान झालेले रूप. त्याच्या जोडीला येणारे 'टिटल' म्हणजे अक्षरावरचा ठिपका किंवा छोटी खूण; इंग्रजी लहान लिपीतल्या 'आय'वरचा ठिपकाही टिटलच. 'नॉट अ जॉट ऑर टिटल' याला मराठीत तयार प्रतिशब्द आहे: काना-मात्रेचाही फरक नाही. दोन्ही भाषांतल्या लेखनिकांना बारीक चुकीची धास्ती सारखीच वाटत असणार, त्याशिवाय इतके जुळते शब्द सापडले नसते.

तसूची गोष्टही अशीच. तसू म्हणजे गजाचा चोविसावा भाग, साधारण इंचाच्या आसपास. आपला माणूस तसूभर हटत नाही आणि इंग्रज 'डझ नॉट बज ॲन इंच'! पैशांचेही तेच. इंग्लंडमध्ये पाव पेनीचे फार्दिंग हे नाणे १९६० साल संपताच चलनातून गेले, तरी एखादी वस्तू 'नॉट वर्थ अ फार्दिंग' असू शकते. आपल्या दमडी आणि छदामाला तर जाऊन केवढा काळ लोटला, पण कंजूष माणूस अजूनही दमडी सोडत नाही.

कोर्टकचेरीच्या बातम्यांत 'श्रेड' आणि 'सिंटिला' भेटतात. श्रेड म्हणजे चिंधी, फाटका तुकडा. 'नॉट अ श्रेड ऑफ एव्हिडन्स' म्हणजे पुराव्याची चिंधीसुद्धा नाही. सिंटिला हा लॅटिन शब्द, अर्थ ठिणगी. तो विशेषतः वकिलांच्या तोंडी असतो. अक्कल मात्र औंसावर मोजतात, 'नॉट ॲन औंस ऑफ कॉमन सेन्स'. सत्याचा असतो दाणा, 'अ ग्रेन ऑफ ट्रुथ', आणि तो होकारातही चालतो: अफवेत सत्याचा दाणा असू शकतो. सभ्यता किंवा यश यांच्यासाठी 'मॉडिकम' राखलेला आहे. ताप थोडा असेल, तर 'अ टच ऑफ फीव्हर'. अंगात जराशी कणकण आहे असे आपण म्हणतो, ते हेच.

स्वयंपाकघरातले शब्द जास्त मोकळेढाकळे. चिमटीला 'पिंच', द्रव पदार्थाच्या शिंतोड्याला 'डॅश', आणि 'स्मिजन' व 'टॅड' हे दोघे अमेरिकेत वाढलेले. टॅड म्हणजे पूर्वी लहान पोरगे. आता 'अ टॅड लेट' म्हणजे जरासा उशीर. अमेरिकेत या शब्दांच्या नावाने चिमुकले चमचेही विकत मिळतात. त्यांत चहाच्या चमच्याचा आठवा भाग डॅश, सोळावा पिंच आणि बत्तिसावा स्मिजन धरतात. आपल्या आजीबाईंनी हे चमचे पाहिले असते, तर देवघरातल्या पळीशेजारी ठेवून दिले असते. फ्रेंचांनी दिलेला 'सूपसाँ' यांत सर्वांत नाजूक. मूळ अर्थ संशय. म्हणजे पदार्थात लसूण आहे की नाही, असा नुसता संशय यावा इतकाच घालायचा!

मिठाबाबत मात्र दोन भाषांचे जमत नाही. आपण तिखटमीठ लावतो ते गोष्ट वाढवून सांगण्यासाठी. इंग्रज ऐकलेली गोष्ट 'विथ अ पिंच ऑफ सॉल्ट' घेतो, म्हणजे पुरता विश्वास ठेवत नाही. अमेरिकन तीच 'ग्रेन ऑफ सॉल्ट'सह घेतो. या वाक्प्रचाराचा माग पहिल्या शतकातल्या थोरल्या प्लिनी या रोमन लेखकापर्यंत नेला जातो. पाँटसचा राजा मिथ्रिडेटीस याच्या विषावरच्या उताऱ्याची कृती त्याने नोंदवली आहे: दोन सुके अक्रोड, दोन अंजिरे, सतापाची वीस पाने, आणि हे सारे कुटताना कणभर मीठ. तेव्हा मिठाचे भाषांतर करताना जपावे. 'त्याने बातमी मीठ लावून घेतली' असे लिहिले, तर मराठी वाचक भलतेच समजेल.

राहिला 'ट्रेस'. याची सोयरीक प्रयोगशाळेशी आहे. अमेरिकेतल्या हवामानखात्यात इंचाच्या शंभराव्या भागाहून कमी पाऊस पडला, तर आकडा न लिहिता 'ट्रेस' अशी नोंद करतात. पाऊस पडला आहे, पण मापात आलेला नाही. आपल्या घरात हा शब्द येतो तो लघवीच्या तपासणीच्या कागदावरून. 'अल्ब्युमिन' या शब्दापुढे 'निल' असेल, तर काही आढळले नाही. 'ट्रेस' असेल, तर अगदी पुसट का होईना, आढळले आहे. त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही, पण 'ट्रेस' म्हणजे 'निल'च असे धरून कागद कपाटात टाकायचाही नाही. तो डॉक्टरांना दाखवायचा, गरोदर बाईचा असेल तर आवर्जून. बिस्किटांच्या पाकिटांवरही बारीक अक्षरांत एक ओळ दिसते, 'मे कंटेन ट्रेसेस ऑफ नट्स'. शेंगदाणे किंवा बदाम-काजू मुद्दाम घातलेले नाहीत, पण त्यांचा अंश आलेला असू शकतो, असा तिचा अर्थ. बहुतेकांना त्याचे काही नाही. पण ज्या मुलाला दाण्यांची ॲलर्जी आहे, त्याला अंशही पुरतो. त्याची आई पाकिटावरची किंमत नंतर पाहते, ही ओळ आधी.